उंबरकोंडाला रस्ता आहे

सुनंदा, तू ज्या रस्त्यानं गेलीस त्या रस्त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. हे तुला सांगायलाच हवं, कारण तू आडवी होतीस आणि तुला अँब्युलन्सच्या छताखेरीज काही दिसत नव्हतं. मी तुझ्या पायाशी बसले होते. मागच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. काळंभोर डांबर, कडेचे पांढरे पट्टे, भक्कम मोऱ्या, वाहती गटारं. सवय वाईट. मैत्रीण मरणाच्या दारात आणि मी मोऱ्या बघत होते.

गाडी तुझ्या दाराशी आली होती. फोन केल्यावर चहाला उकळी येते तेवढ्यात आली. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी तुला तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटत चाललीय, याची शस्त्रक्रिया इथे होत नाही, ताबडतोब कोल्हापूर गाठा. माणूस भला होता, सांगताना त्याचाच चेहरा उतरला. विलासभावजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, कारण मागे एकालाच जागा होती आणि तू बोट माझ्याकडे केलंस. तुझ्या नवऱ्याच्या देखत. त्यांना ते लागलं असेल. पाली गेलं, साखरपा गेलं. आंबा घाट चढायला लागलो तेव्हा तू डोळे उघडलेस.

"अलके, गाडी हालत नाय गो. रस्ता चांगलाय."

मी म्हटलं, हो, चांगला आहे.

"मग पोचत का नाय आपण?"

मला उत्तर सुचायच्या आत तू गेलीस. पुढचं वळण मला आठवत नाही, त्याच्या पुढचंही नाही. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, वायपर मात्र चालू राहिले होते.

तेराव्याला भावजींनी मला माजघरात बोलावलं. घरात पाहुण्यांची वर्दळ होती, त्यात आम्ही दोघं तांदळाच्या डब्याशेजारी उभे. त्यांनी विचारलं, "जाताना काय म्हणाली का ती?" मी म्हटलं, तुमचं नाव घेतलं, जपून राहा म्हणाली. त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेले. तुझ्या नावावर मी हे खोटं बोलले. तू असतीस तर मला सोलून काढलं असतंस. पण तू तिथे नव्हतीस आणि त्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं? की बाबा रे, तुझी बायको शेवटच्या क्षणी डांबराबद्दल बोलली?

आता तुझ्या मागे लोक मला विचारतात, तुम्ही दोघी नक्की काय करत होता? इतकी वर्षं स्कूटर घेऊन डोंगरात जात होता ते कशाला? मी सांगते, खेड्यातला माणूस बारमाही रस्त्यापासून किती लांब राहतो ते आम्ही मोजत होतो. त्यांचा चेहरा कोरा राहतो. तुझ्या आईचाही राहायचा. मग तू तिला समजावायचीस तसं मी समजावते. नकाशावर पक्का रस्ता घ्यायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन किलोमीटरचा पट्टा काढायचा. पट्ट्यात ज्याचं घर तो जोडलेला, पट्ट्याबाहेर ज्याचं घर तो तुटलेला. तुटलेले किती, त्यांना जोडायला किती रस्ता हवा, त्याला किती पैसा हवा, हे सगळं त्यावरून. जगातल्या कितीतरी गरीब देशांचा हिशोब याच मापावर चालतो. पट्टा संगणकावर निघतो. तो खरा की खोटा ते बघायला मात्र पायांची माणसं लागतात. ते पाय आपले होते.

तुला तो पट्टा कधीच आवडला नाही. "दोन किलोमीटर म्हणजे अर्ध्या तासाची चाल, हे ज्यानं ठरवलं त्याला आमच्याकडे पाठवा," तू म्हणायचीस. "डोक्यावर पोतं देऊन घाटी चढवते त्याला." मी पट्ट्याची बाजू घ्यायचे. अगं, सगळ्या जगाला एक फूटपट्टी लावायची तर ती कुठेतरी आखूड पडणारच. आफ्रिकेतल्या खेड्याशी कोकणातली वाडी ताडून बघायची तर काहीतरी सारखं धरायला नको? तू माझं सगळं ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "ताडून बघ गो. पण ताडून झालं की वाडीत ये."

तुझं माप वेगळं होतं. तू वाडीत शिरलीस की आधी रस्त्याचं विचारायचीसच नाही. पाणी प्यायचीस, पदरानं तोंड पुसायचीस आणि घरातल्या बाईला विचारायचीस, "गणपती झाल्यावर मासळी कुठली खाता? ताजी का सुकी?" पहिल्या वेळी मला वाटलं, झालं, हिला भूक लागली. तुझी आई आरे-वाऱ्याच्या अंगाला किनाऱ्यावर राहिलेली, पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत मासे विकणारी. कुठल्या वाडीपर्यंत बांगडा ताजा पोचतो आणि कुठून पुढे सुकटच न्यावी लागते, हे तिच्या मानेला ठाऊक होतं. आता मासेवाले मोटरसायकलवर फिरतात, पण चाक जिथे थांबतं तिथे ताजी मासळी थांबतेच. बाई "ताजी" म्हणाली की तू खूश. "सुकी" म्हणाली की तू माझ्याकडे बघायचीस आणि मला कळायचं की आज पट्टा खोटा पडणार. मला त्या नजरेचा राग यायचा. आज ती नजर मिळावी म्हणून मी काय वाटेल ते देईन.

आणि मग उंबरकोंड. त्यावरून आपण भांडलो आणि ते भांडण तसंच टाकून तू निघून गेलीस.

संगमेश्वर तालुक्यातली ती वाडी. आपण पहिल्यांदा गेलो ते ऐन मे महिन्यात. कारण मोजणीचं काम पावसाआधी संपवायचं असतं. बारमाही रस्ता आहे की नाही हे आपण नेहमी कोरड्या महिन्यांत मोजत आलो, यावर तू कितीदा हसली असशील. त्या दिवशी डांबरी रस्ता सोडला, मातीच्या वाटेनं घाटी उतरलो, खाली पऱ्या लागला. ओढ्याला तिकडे पऱ्या म्हणतात. गोटे उघडे, पाण्याचा थेंब नाही. पलीकडे मांडव. वाडीतल्या सोनू आबांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. आपल्या डोळ्यांदेखत नवरीची जीप त्या कोरड्या पऱ्यातून धुरळा उडवत आली आणि थेट खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी राहिली. रेश्मा उतरली. हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या, घामानं भिजलेली आणि हसरी. आपल्याला आग्रहानं पंगतीत बसवलं. आबांनी स्वतः वाढलं. रस्त्याचं विचारलं तर म्हणाले, "हाय तर. बारमाही हाय. आता तुमच्यासमोरच जीप आली का नाय?"

नकाशा म्हणत होता रस्ता आहे, कारण सरळ रेषेत वाडी पट्ट्याच्या आत बसत होती. माणसं म्हणत होती रस्ता आहे. आपण डोळ्यांनी जीप पाहिली होती. मी तिथेच नोंद करून मोकळी झाले असते. तू मात्र परतताना पऱ्याच्या काठावर थांबलीस. काठाच्या झाडाच्या खोडाला तुझ्या डोक्याच्या वर गवत-काटक्यांचा जुना गाळ अडकलेला होता. तू तो हातानं खाली ओढलास आणि मला दाखवलास. "हे पाणी इथवर येतं," म्हणालीस. "आपण आषाढात येऊ."

आषाढात मी यायला तयार नव्हते. आठवतं ना, मी ताप आल्याचं सांगितलं होतं. तू घरी आलीस, माझ्या कपाळाला हात लावलास, "ऊठ, नाटकी," म्हणालीस आणि रेनकोट माझ्या अंगावर फेकलास. घाटी उतरताना तू पुढे आणि मी तुझ्या मागे. नेहमीच तसं. तुझा पाय जिथे पडेल तिथेच मी माझा ठेवायचे, आणि हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या पाठीकडे बघत मी निम्मा जिल्हा पालथा घातला. मी घाबरून मागे पडायचे तेव्हा तू मागे न बघता नुसती बडबड करत राहायचीस, म्हणजे मला आवाजाच्या मागे येता यावं. मला तेव्हा वाटायचं, हिला तोंड बंद ठेवता येत नाही.

पऱ्या तांबडा लाल होऊन वाहत होता. वर सुपारीच्या खोडांचा साकव टाकलेला. वाडीतले लोक दर वर्षी टाकतात आणि दर वर्षी तो वाहून जातो. आबांनी पलीकडून बघितलं आणि ते धावत आले. त्यांनी आपल्याला एकेकीला हात धरून नेलं. घरात गेल्यावर चुलीपुढे बसवलं, कपडे सुकवायला दिले, काळा चहा दिला. आणि तू विचारलंस, "आबा, आता खरं सांगा. हा बारमाही रस्ता?"

"हाय तर," आबा म्हणाले. "आलाव ना तुमी?"

"आलो कशा ते तुम्ही बघितलंत."

"तुमी शेरातल्या. आमाला काय वाटत नाय त्याचं."

रेश्मा चुलीशी होती. लग्नाला दोन-अडीच महिने झाले असतील. चुडा अजून हिरवाच होता, पण चेहरा उतरला होता. नवरा मुंबईला, खोली लहान म्हणून ही इथे सासू-सासऱ्यांपाशी. तू तिला तुझा तो प्रश्न विचारलास, "मासळी कुठली गो खाता? ताजी का सुकी?" तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "माहेरी ताजी."

बाहेर पडवीत आल्यावर आबांनी पोटातलं सांगितलं. तो माणूस खोटारडा नव्हता, हे तू मान्य केलं होतंस. मागच्या खेपेला तुटलेल्या वाड्यांची यादी ग्रामपंचायतीत लागली, तिथून ती लोकांच्या फोनवर फिरली, आणि शेजारच्या वाडीतल्या मुलाची ठरलेली सोयरीक मोडली. मुलीकडचे म्हणाले, रस्ता नाही त्या घरी पोर देणार नाही. तेव्हापासून उंबरकोंडानं ठरवलं, कोणीही विचारो, रस्ता आहे. मुलीकडच्यांना घर बघायला बोलवायचं ते वैशाखातच, जीप थेट खळ्यात आणायची. "आमच्या पोरांनी बिनलग्नाचं ऱ्हायचं काय ताई?" आबा म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. महेश हाय अजून माझा, धाकटा. त्याचं उरकलं की मग लिवा तुमाला काय लिवायचं ता."

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली, माझ्या आली नव्हती. त्या वाडीत पावसाळ्यात अडलेलं बाळंतपण झाल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. सापाचं, तापाचंही कोणी सांगेना. मला वाटलं, चला, निदान हाल तरी नाहीत. तू मला चिमटा काढलास. "वेडे, पोटुशी बाई मृगाच्या आधी माहेरी धाडतात. म्हातारं खोकायला लागलं की लेकीकडे नेऊन टाकतात. मागे उरतात ती धडधाकट. त्यांना विचारलंस तर वाडी ठणठणीतच दिसणार." हाल वाडीबाहेर नेऊन ठेवलेले होते, म्हणून आपल्या मोजणीला ते सापडत नव्हते.

परतीच्या वाटेवर आपलं वाजलं. तू म्हणालीस, "रस्ता नाही असंच लिहायचं. आता सुटली तर पुढची योजना कधी येईल देव जाणे. वाडी नकाशावर जोडलेली राहील आणि माणसं मरतील."

मी म्हटलं, "वाडी त्यांची, मुलगे त्यांचे. ते हात जोडून सांगतायत. आपण कोण?"

"आपण त्यांच्या पोरांची लग्नं जमवायला नाही आलो."

"मोडायला तरी आलोय का?"

"आणि ती चुलीपुढची? तिला फसवून आणली ती?"

"ती आता आलीच आहे. तिच्यासाठी काय करणारेस तू?"

"तिच्यासाठी नाय गो," तू ओरडलीस, "तिच्या मागून येईल तिच्यासाठी."

संगमेश्वरच्या स्टँडवर मी चहा सांगितला आणि तू तुझा कप तसाच ठेवून स्कूटरवर जाऊन बसलीस. इतक्या वर्षांत चहा टाकलेला तो एकदाच. शेरा दोघींच्या सहीनं जायचा असतो. तुझं एक म्हणणं, माझं दुसरं. रस्ते मोजणाऱ्या आपल्या कचेरीनं उंबरकोंड बाजूला ठेवलं, नंतर बघू म्हणून. आपणही दोन वर्षं त्यावर बोलायचं टाळत राहिलो. डबा एकमेकींच्या ताटात वाढत होतो, तुझ्या तिसऱ्यांच्या कालवणावर मी ताव मारत होते, माझ्या आईच्या आजारपणात तू माझ्या घरी येऊन तिची वेणी घालत होतीस, पण उंबरकोंडाचं नाव निघालं की दोघी विषय बदलायचो. मला वाटायचं, बसू कधीतरी निवांत. तू मोठ्या आवाजात तुझं म्हणशील, मी हळू आवाजात माझं म्हणेन, आणि शेवटी तू जिंकशील, कारण नेहमी तूच जिंकतेस. मला फक्त थोडा भाव खायचा होता.

तुझ्या तेराव्यानंतर मी कामावर गेले तर साहेबांनी उंबरकोंडाचं काढलं. ते काही वाईट हेतूनं नव्हे, मुदत संपत आली होती. म्हणाले, आता तुमची एकटीची सही चालेल.

एकटीची चालेल! मला इतका संताप आला तुझा, सुनंदा. साहेबांचा नाही, तुझाच. हे माझ्या गळ्यात टाकून तू गेलीस.

मी गेले. आषाढच होता. घाटी मी बसून बसून उतरले, कारण पुढे पाठ नव्हती. पऱ्यावर नवा साकव होता, खोडं अजून पांढरी. आबा शेतावर होते. रेश्मा लावणीतून भिजलेली नुकतीच आली होती, पोर सासूच्या मांडीवर. हो, तिला मुलगा झाला, माहेरी, तू म्हणाली होतीस तसंच. तुझी बातमी तिला कळली होती. "त्या मासळीच्या ताई," ती म्हणाली. मग चहा ठेवला.

मला वाटलं होतं, आता सोपं आहे. आबा लपवतील, पण हिनं दोन पावसाळे सोसलेत. ही बोलेल, मी तिच्या तोंडचं लिहीन, तुझंही राहील आणि माझंही. मी विचारलं, "रेश्मा, आबा नाहीत इथे. तू सांग. रस्ता आहे?"

"हाय."

"बारमाही?"

"हाय म्हटलं ना ताई."

"अगं, पोराला पाठीशी बांधून हा पऱ्या तूच ओलांडतेस ना?"

ती चुलीत फुंकत राहिली. मग म्हणाली, "म्हेसभावजींचं जमतंय. लांज्याकडची हाय मुलगी. वैशाखात घर बघून गेली, पसंत हाय तिला. तुमी नाय म्हणून लिवलंत तर ती येयाची नाय."

"तुला कशी आणली होती ते विसरलीस?"

"इसरेन कशी?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "एकटीनं किती काडू ताई? लावनी मी, पानी मी, सासूचं उठवनं-बसवनं मी. घो मुंबयला, येनार शिमग्याला नि गनपतीला. पाऊस लागला की चार म्हयने बोलाया बायमानूस नाय मला. जाव आली की आमी दोगी होव."

"आणि ती रडली तर?"

"रडंल थोडे दिस. मी नाय रडले? मला कोन नव्हता. तिला मी हाय."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. इथे जिला ठेच लागली तीच मागचीचा हात धरून तिला त्याच धोंड्याकडे नेत होती, आणि त्यात कपट नव्हतं गं. नुसता एकटेपणा होता. मला त्या मुलीला पोटाशी धरावंसं वाटलं. आणि त्याच वेळी तुझं ते ओरडणं आठवलं, तिच्या मागून येईल तिच्यासाठी. तेव्हा मला ते भाषण वाटलं होतं. आता ती मागून येणारी लांज्याकडे कुठेतरी बसली होती, जीप थेट खळ्यात गेली म्हणून खुशीत, आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी रेश्माला फसवून निघू शकले असते. बघते, विचार करते, म्हणून. तसं केलं नाही. सांगितलं, "मी रस्ता नाही असं लिहिणार आहे."

ती भांडली नाही. रडलीही नाही. माझ्यापुढचा कप तिनं उचलला, अर्धा चहा होता त्यात, आणि मोरीत ओतून विसळायला घेतला. पाव्हण्याचा भरला कप उचलणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. सासू तोंडाला पदर लावून बसली होती. मी उठले.

आबा बांधावर भेटले. त्यांनाही सांगितलं. ते इरलं सारखं करत माझ्या पुढे चालायला लागले. मला वाटलं, निघून चालले. पण ते पऱ्याशी थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. "या. साकव निसरडा हाय." तो हात खरबरीत, चिखलानं माखलेला. मी तो धरला, कारण धरल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. मधोमध आल्यावर म्हणाले, "म्हेसची आई लई आस लावून बसलीवती." बस, एवढंच. दुसऱ्या टोकाला मला सोडलं आणि परत फिरले.

मी शेरा लिहिला. पावसाळ्यात वाडी तुटते. पोटुशा बायका आणि आजारी म्हातारे आधीच बाहेर पाठवले जातात, म्हणून वाडीत अडचण दिसत नाही. रस्ता नाही. तुझ्या सहीची जागा कोरी ठेवली. साहेबांनी तिथे एक रेघ मारली, तशीच पद्धत आहे म्हणे.

तू भांडण जिंकलीस. मला वाटलं होतं, हे तुला सांगताना माझं मन हलकं होईल. ते झालेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरोबर केलंस." मग मी तुला विचारलं असतं, रेश्माचं काय? आणि तुझ्याकडेही उत्तर नसतं, पण तू माझ्याशेजारी बसून राहिली असतीस. मला एवढंच हवं होतं. खरं बोलणं सोपं आहे असा एक तोरा तुझ्यात होता, तो मला कायम खुपायचा. आता कळतं की तुला ते सोपं नव्हतं. घरी येऊन तू विलासभावजींशी तास न् तास बोलायची नाहीस, असं ते परवा म्हणाले. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

काल आबांचा फोन आला. यादी अजून लागायची आहे, पण खातरजमेचा कागद ग्रामपंचायतीत गेला आणि फोनाफोनी झाली. मुलीकडच्यांनी नकार कळवला. आबांनी मला शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मागे रेश्मा पोराला हाका मारत होती, आवाज चढलेला. मग आबांनी विचारलं, "जल्लं जाऊ दे. आता रस्ता तरी कदी व्हनार ता सांगा."

मी म्हटलं, होईल आबा. ते म्हणाले, कदी? मी पुन्हा म्हटलं, होईल.